पाऱ्याची रेषा

ॲलार्ड शिखर वेधशाळा
१८ सप्टेंबर १९६७

प्रिय अमारो,

फोन करू नकोस असं मी आईजवळ बोलले, ते तुला लागलं म्हणे. लागू दे. या अख्ख्या डोंगराला एकच फोन आहे, तो डॉक्टर व्हिटकोम्ब यांच्या खोलीत आहे, आणि गेल्या खेपेला तू माझ्यावर जो ओरडलास तो त्यांनी आणि त्यांच्याकडे आलेल्या दोन पाहुण्यांनी कॉफी पिता पिता ऐकला. व्हिटकोम्ब इथले संचालक आहेत, आपल्या चर्चच्या हॉलचे रखवालदार नव्हेत. म्हणून आता पत्र. पत्रात माणूस ओरडला तरी मधे दोन दिवस जातात आणि आवाज बसतो. डाकगाडी आठवड्यातून तीनदा वर येते. गाय व्याली यापलीकडे काही बातमी असली तर लिही.

आई दर वेळी विचारते की मी इथे करते काय. तिला हे वाचून दाखव. कुंभ राशीत एक फिकट मेघ आहे. अशांना ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. जुन्या लोकांना लहान दुर्बिणीतून ते ग्रहासारखे वाटोळे दिसायचे, नाव पडलं आणि चिकटलं. म्हातारा होत आलेला तारा अंगावरचा वायू बाहेर सोडून देतो आणि तो वायू त्याच ताऱ्याच्या उजेडाने चमकत राहतो. हा उजेड फाकवून पाहिला तर इंद्रधनुष्य मिळत नाही. बहुतेक सगळा काळोख, आणि मधे मधे थोड्याच उजळ रेषा. प्रत्येक वायूच्या रेषांची जागा ठरलेली असते. ऑक्सिजनच्या दोन हिरव्या रेषा ठळक आहेत आणि एक निळी अगदी अशक्त आहे. वायू जितका जास्त तापलेला, तितकी ही अशक्त रेषा बळावते. हिरवी किती आणि निळी किती हे मोजलं की तिथे पाऊल न टाकता वायूचा ताप कळतो. तू मलईवरून गाय ओळखतोस तसंच समज.

आता दुखणं सांगते. एका रात्री ताप दहा हजार अंश निघतो. दुसऱ्या रात्री तोच मेघ, तेच यंत्र, तीच मी, आणि ताप पंधरा हजार. पुढच्या दोन रात्री पुन्हा दहा. मी यंत्राची फट पुसली, विजेच्या तारा बदलून घेतल्या, तंत्रज्ञाशी भांडले, मग त्याची माफी मागितली. काही फरक नाही. माझी नेमणूक डिसेंबरच्या मध्याला संपते. पुढे ठेवायचं की नाही ते व्हिटकोम्ब ठरवणार, आणि ते या एकाच मेघावरून ठरवणार, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं आहे. जो मेघ दर आठवड्याला आपला ताप बदलतो, त्याच्यावर मी काय लिहू?

ओलिंडा

~

सॅन टेल्मो
२३ सप्टेंबर १९६७

ओलिंडा,

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढा ताप आहे तर डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, आई, तीच डॉक्टर आहे. मग ती तुझ्यासाठी गोड पाव भाजायला लागली. सोबत पाठवतोय. डाकगाडीवाल्या ऑर्विलने वाटेत खाल्ला नाही तर मिळेल.

माझ्याकडे गाय व्याली यापलीकडची बातमी आहे, बाईसाहेब. आपल्या मैदानावर दिवे लागले! तीन वर्षं मी चर्चच्या हॉलमध्ये लोकांना फावा घेवड्याची जेवणं घालून पैसे जमवतोय ते कशासाठी, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही, म्हणून आपणहून सांगतो. आपली पोरं दुपारी साडेतीनला धारा काढायला बसतात ती सहाला उठतात. गावातल्या बँकवाल्यांची आणि दुकानदारांची पोरं चारला मैदानात असतात. इतकी वर्षं आपल्या गोठ्यातल्या एका पोराला संघात जागा मिळाली नाही, कारण गाय कुणासाठी थांबत नाही. आता सात वाजता सामना. फुटबॉल म्हणतोय मी, पायाने खेळायचा तो. हातात धरून पळतात तो नव्हे. उंच खांब उभे केलेत, त्यावर नव्या तऱ्हेचे दिवे, पाऱ्याच्या वाफेचे. निळसर पांढरा उजेड पडतो, गवताचं पातं न् पातं दिसतं. पहिल्या रात्री म्हातारे बाप्ये टोप्या काढून उभे राहिले. बाबा असते तर रडले असते. मी रडलो नाही, पण जवळपास.

तुझ्या तापाचं म्हणशील तर मला एकच कळतं. दूध एक दिवस पातळ आणि एक दिवस दाट आलं, तर मी गाईला दोष देत नाही. बादलीत आधी काय होतं ते बघतो.

एकदा खाली ये आणि सामना बघ. मोटारीने दीड तासाचा घाट आहे, चंद्र नव्हे.

अमारो

~

ॲलार्ड शिखर वेधशाळा
९ ऑक्टोबर १९६७

प्रिय अमारो,

पाव पोचला, पाऊण. ऑर्विलला सांग, देव बघतो.

तुझं पत्र मी खरं सांगायचं तर अर्धंच वाचलं. रागावू नकोस. इथे माझी झोप उडाली आहे आणि फुटबॉलच्या गोष्टी वाचायला डोकं जागेवर लागतं. बादलीचा सल्ला मात्र वाचला. बादली मी सहा वेळा धुतली, अमारो. यंत्र स्वच्छ आहे. यंत्राची मोजपट्टी आम्ही रोज संध्याकाळी, ज्याच्या रेषांच्या जागा पाठ आहेत अशा दिव्यावर लावून घेतो, तीही बिनचूक आहे.

गेल्या आठवड्यात मी धाडस केलं. व्हिटकोम्बना म्हटलं, मेघच तापतोय आणि निवतोय, असं का नाही? ते हसले नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “मिस बेटेनकोर्ट, हा मेघ एवढा मोठा आहे की त्याच्या या टोकाचा उजेड त्या टोकाला जायला महिने लागतात. तो मंगळवारी तापून बुधवारी निवायला कढईतलं तेल आहे का?” जेवणाच्या टेबलावर कुणीतरी हळूच म्हणालं की बाईचा हात थरथरत असेल. मी ताट तिथेच ठेवून उठले. माझा हात थरथरत नाही. लहानपणापासून धारा काढलेला हात आहे हा.

चीड कशाची येते सांगू? चूक माझी असती तर मला सापडली असती. मी चुका शोधण्यात या डोंगरावर सगळ्यांत पुढे आहे. आणि मेघ खरंच बदलत असेल, तर हा शोध माझा आहे आणि तो कुणाला नको आहे. दोन्हीकडून मीच भरडली जाते. एक मन म्हणतं सगळं छापायला पाठवून दे आणि जगाला भांडू दे. दुसरं म्हणतं थांब.

तू काही सल्ला देऊ नकोस. आईला सांग मी जेवते.

ओलिंडा

~

सॅन टेल्मो
१४ ऑक्टोबर १९६७

ओलिंडा,

बरं, सल्ला देत नाही. पण अर्धंच पत्र वाचलं असं लिहिणारी तू पहिलीच. लोक निदान खोटं तरी बोलतात.

तू डोंगरावर बसून उंटावरून शेळ्या हाकतेस, ओलिंडा, आणि शेळ्या ऐकत नाहीत म्हणून रडतेस. रागाने म्हणत नाही. तुझा आवाज मला पत्रातसुद्धा बसलेला ऐकू येतो. चार दिवस खाली ये. आई केलच्या भाजीचं सूप करेल, तू झोपशील, मग मेघ आपोआप ताळ्यावर येईल. गाईंचंही असंच असतं, माणूस चिडलेला असला की दूध चढवून धरतात.

मंगळवारी आपण जिंकलो. शुक्रवारीही जिंकलो असतो, पण गोलकीपरची गाय अडली होती, तो मध्यंतराला आला. त्याला चिखलाच्या बुटांनीच उभा केला. लोक हसून हसून वेडे झाले. दिवे असे लख्ख होते की त्याच्या बाहीवरचा चीक मला पलीकडून दिसला. बायका घोंगड्या आणि चीज घेऊन येतात, म्हातारे सगळे बसल्या जागी पंच होतात. इतकी वर्षं या गावात आपण इतरांसाठी दूध काढणारे होतो. आता मंगळवारी आणि शुक्रवारी बँकवाले आपल्या पोरांना बघायला येतात. तुला हे कळेल असं मला वाटलं होतं, कारण तूही त्याच गोठ्यातून वर गेलीस.

येत नाहीस तर नको येऊ. पण एखाद्या मंगळवारी तुझ्या त्या घुमटातून खाली बघ. आम्ही दिसतो.

अमारो

~

ॲलार्ड शिखर वेधशाळा
३० ऑक्टोबर १९६७

अमारो,

बघितलं. तुम्ही दिसता. चांगलेच दिसता.

बसून वाच. मंगळवारी मी हट्टाने फक्त त्या तीन रेषा न बघता सगळा वर्णपट या टोकापासून त्या टोकापर्यंत पिंजून काढला. हिरव्या-पिवळ्याच्या मधे एक रेषा उभी राहिली, जिथे या मेघात काही असायला नको. मी तिला ओळखलं, कारण रोज संध्याकाळी तिच्यावरच आम्ही पट्टी लावतो. पाऱ्याची रेषा. पट्टीचा दिवा चालू राहिला म्हणून मी तंत्रज्ञावर पुन्हा ओरडले. त्याने दिवा उचलून माझ्यासमोर आणून ठेवला, विझलेला, गार. मग मी घुमटाच्या सज्जात गेले. खाली दरीत सॅन टेल्मोच्या कडेला एक निळसर पांढरा चौकोन जळत होता, आणि कुंभ रास नेमकी त्याच्या डोक्यावर उतरत होती. पाऱ्याचे दिवे असं तू लिहिलंही होतंस. मी न वाचलेल्या अर्ध्यात.

पाऱ्याची एक निळी रेषा ऑक्सिजनच्या त्या अशक्त रेषेला अगदी खेटून पडते. माझ्या यंत्राला दोघी वेगळ्या दिसत नाहीत. मी मेघाचा ताप मोजत होते आणि त्यात तुमचा सामना मिसळत होता. मंगळवारी आणि शुक्रवारी पंधरा हजार, इतर दिवशी दहा.

तू विचारशील, आकाशाचा उजेड तुम्ही वजा करत नाही का? करतो. पण इथला नियम आहे: आधी मेघ, मागून आकाश. मेघ मावळायच्या आत दुर्बिणीचा सगळा वेळ त्याला द्यायचा आणि तो मावळला की शेजारचं रिकामं आकाश एकदा मोजायचं. दुर्बिणीचा वेळ इथे दुधापेक्षा महाग आहे. नियम व्हिटकोम्बनीच घातला, दरीत चार कंदील होते तेव्हा. मेघ मावळेपर्यंत तुमचा सामना संपलेला, दिवे विझलेले. मी काळोख वजा करत बसले होते.

म्हणजे शोध वगैरे काही नाही. बरं झालं छापायला पाठवलं नाही. सहा आठवडे मी एका फुटबॉल मैदानाचं तापमान घेत होते, हे पचायला जड जातं.

काल व्हिटकोम्बना सगळं मांडून दाखवलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले उत्तम काम. मी म्हटलं, आता नियम बदलू या, मेघ आणि आकाश आलटून पालटून मोजू या, थोडा वेळ जाईल पण दिवे असोत नसोत, हिशोब चोख राहील. ते म्हणाले, “नियम कशाला बदलायचा? दिवे घालवू.”

तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून घाईने लिहिते आहे. मी त्यांना थांबवायचा प्रयत्न करते आहे.

ओलिंडा

~

सॅन टेल्मो
६ नोव्हेंबर १९६७

ओलिंडा बेटेनकोर्ट,

तुझ्या पत्राच्या आधी काउंटीच्या सरकारी कचेरीची नोटीस आली. मैदानाच्या दिव्यांमुळे वेधशाळेच्या कामात व्यत्यय येतो, पुरावा जोडला आहे, मंडळापुढे सुनावणी. पुराव्याखाली नाव कुणाचं? माझ्या बहिणीचं. हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवली. मी कुठे बघावं मला कळेना.

तुला चूक सापडली, आनंद आहे. पण सापडल्या सापडल्या साहेबाकडे धावलीस. आधी खाली येऊन मला सांगता आलं नसतं? मी दिव्यांना झाकणं लावली असती, तोंडं खाली वळवली असती, काहीतरी केलं असतं. आपण माणसं आहोत ना, की आम्हीही तुझ्या त्या चार-दोन रेषा?

तुझ्याच पत्रातून मला एवढं कळलं की खोट तुमच्या मोजायच्या पद्धतीत आहे. आणि उपाय काय, तर आमचे दिवे काढा. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. हे तुझ्या साहेबाला कुणी सांगणार आहे की नाही? का नेमणूक जाईल म्हणून सगळे तोंड शिवून बसणार?

पोरं मला विचारतात, काका, पुढच्या मंगळवारी आहे ना सामना? मी हो म्हणतो. आईने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलंय, कारण मी तुला शिव्या दिल्या. तुझ्याशीही ती बोलणार नाही, कारण तू खाल्ल्या.

सुनावणीला येणार आहेस असं नोटिशीत लिहिलंय. ये. कुणाच्या बाजूने बसतेस ते बघायला सगळं गाव येणार आहे.

अमारो

~

ॲलार्ड शिखर वेधशाळा
२७ नोव्हेंबर १९६७

प्रिय अमारो,

सुनावणी संपल्यावर तू मला शोधत होतास असं आई म्हणाली. मी व्हिटकोम्बांच्या मोटारीत बसून निघाले होते. सुनावणीत माझ्या तोंडून काय निघालं ते तू ऐकलंस, पुढचं मी सांगते.

मी मंडळापुढे दोन्ही गोष्टी बोलले, कारण दोन्ही खऱ्या आहेत. हो, मैदानाचा उजेड आमच्या यंत्रात शिरतो. आणि हो, तरीही बरोबर मोजता येतं, मेघाच्या बरोबरीने आकाश मोजलं तर. बोलताना मला वाटलं की निदान एक बाजू खूष होईल. तुझ्या बाजूचे लोक पहिल्या वाक्याला कुरकुरले, माझ्या बाजूचे दुसऱ्याला. खरं बोलून एवढी एकटी मी कधी पडले नव्हते. तू मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होतास आणि माझ्याकडे बघत नव्हतास.

व्हिटकोम्ब वाईट माणूस नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून घेतलं, म्हणाले, “तुम्ही चारचौघांत माझा नियम मोडीत काढलात. ठीक आहे. पण तोंडाने काढलात, आकड्यांनी नाही.” त्यात चूक काय? आकडे माझ्याकडे नव्हते. मंडळाने निकाल सोमवारपर्यंत, चार डिसेंबरपर्यंत ठेवला आहे. तोवर काय करायचं ते आमचं ठरलं आहे, पण ते मी तुला सांगू शकत नाही. शब्द दिला आहे. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. मी व्हिटकोम्बच्या जागी असते तर मीही हीच अट घातली असती.

तुला एकच मागते. रोजच्यासारखं खेळा. या मंगळवारी आणि शुक्रवारी जसं नेहमी करता तसंच, काही कमी नाही, काही जास्त नाही. दिव्यांना झाकणं लावू नका, माझ्यासाठी काहीएक करू नका. का ते विचारू नकोस. तू मला कधी विचारल्याशिवाय सोडत नाहीस, या वेळी सोड.

तुझ्या मागच्या पत्रातलं ते वाक्य, आम्हीही तुझ्या चार-दोन रेषा का, मी रोज पुन्हा वाचते. उत्तर सुचलं की लिहीन.

ओलिंडा

~

सॅन टेल्मो
२ डिसेंबर १९६७

प्रिय ओलिंडा,

आज सकाळपासून पाऊस लागलाय, गोठ्यात चिखल झालाय आणि मी मजेत आहे. ऐक.

गुरुवारी ऑर्विल डाक घेऊन आला, म्हणाला, “शुक्रवारी तुझ्या बहिणीची परीक्षा आहे. साहेब स्वतः दुर्बिणीपाशी बसणार. पास झाली तर राहिली, नाही तर सामान मलाच खाली आणायचंय.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझं ते पत्र मी पुन्हा वाचलं. माझ्यासाठी काहीएक करू नका! लहानपणापासूनची तुझी ही खोड. पाय मुरगळला तरी म्हणायची, काही नाही झालं, आणि लंगडत शाळेत जायची. बाबा म्हणायचे, ओलिंडा नको म्हणाली की दोनदा वाढा.

शुक्रवारी उपांत्य सामना होता. सहा वाजता मी पोरांना हॉलमध्ये बसवलं आणि म्हटलं, आज दिवे लागणार नाहीत. माझ्या अंगावर धावून आले. मी सांगितलं, ती मंडळापुढे आपल्याबद्दल चांगलं बोलली ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं, कुणी तिला धन्यवादसुद्धा दिले नाहीत, मीही नाही. आज तिची एकच रात्र आहे. गोलकीपरच पहिला उठला आणि त्याने बूट काढले. मग सगळ्यांनी काढले. पलीकडच्या गावच्या संघाला आम्ही सामना सोडल्याचं कळवलं आणि आल्यासरशी जेवू घालूनच पाठवलं. मैदानाचा मुख्य खटका मी माझ्या हाताने खाली ओढला आणि खोलीला कुलूप लावलं, कुणाचं मन फिरायला नको म्हणून.

मग आम्ही सगळे बाहेर गवतावर उभे राहिलो. म्हातारेसुद्धा. एवढे तारे मी बाबांबरोबर रानात झोपायचो तेव्हापासून पाहिले नव्हते. कुंभ रास कुठली ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळीकडे बघितलं.

मेघाचा ताप किती निघाला ते कळव. आई सोमवारी मेणबत्ती लावणार आहे. मी सुनावणीत तुझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर डोळे भरले असते आणि पुढे बँकवाले बसले होते.

तुझा
अमारो

~

ॲलार्ड शिखर वेधशाळा
५ डिसेंबर १९६७

प्रिय अमारो,

मंडळाने काल काय ठरवलं ते तुला माझ्या आधी कळलं असेल. अंधार पडल्यावर मैदानाचे दिवे बंद. माझी नेमणूकही वाढणार नाही. व्हिटकोम्बनी स्वतः येऊन सांगितलं आणि त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, ते मला जास्त लागलं.

आता शब्दाची मुदत संपली, म्हणून सांगते. पैज अशी होती. सामन्याच्या रात्री, दिवे पूर्ण चालू असताना, मी माझ्या पद्धतीने मेघ आणि आकाश आलटून पालटून मोजायचं. ताप दहा हजारच्या आसपास आला, तर नियम बदलायचा, मी राहायचं, आणि व्हिटकोम्बनी मंडळाला लिहायचं की दिव्यांची अडचण नाही. मैदानावर कुणाला कळवायचं नाही ही त्यांची अट, कारण कळलं तर तुम्ही दिवे मंद कराल असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, माझा भाऊ तसं करणार नाही.

मंगळवारी ढग होते. उरला शुक्रवार. आकाश असं होतं की वर्षातून दोनदा मिळतं. आम्ही सातला तयार होतो. मी सज्जात गेले आणि खाली दरीत तुमच्या जागी काळोख होता. मला वाटलं उशीर झाला असेल, पुन्हा कुणाची गाय अडली असेल. व्हिटकोम्ब म्हणाले, वाट पाहू. फोन त्यांच्या खोलीत होता आणि ते माझ्या शेजारी उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं, दिवे लाव, एवढंच. ते मी बोलले असते तर त्या आकड्यांना काडीची किंमत राहिली नसती. मी कठड्याला धरून उभी राहिले. मेघ उतरत गेला. शेवटी मी आत जाऊन मोजलं, मोजायचं म्हणून. दहा हजार दोनशे आला. व्हिटकोम्ब म्हणाले, “काळोखात तर माझ्या नियमानेही एवढाच येतो, मिस बेटेनकोर्ट.” आणि ते खरंच आहे. शनिवारपासून पाऊस आहे, तुलाही माहीत आहे. पाऊस थांबेल तेव्हा दुर्बीण दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल.

तुझं पत्र आज सकाळी आलं. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पुढे काय येणार ते मला कळलं. तरी या वेळी सगळं वाचलं.

मी संतापले आहे. तुझ्यावर नाही असं लिहिणार होते, पण तुझ्यावरच. रोजच्यासारखं खेळा, असं मी साध्या भाषेत लिहिलं होतं, अमारो. त्यात वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कधी नव्हे ते माझं नको म्हणजे नकोच होतं. आणि माझ्यावरही संतापले आहे, कारण त्या तीन ओळी लिहिताना मला माहीत असायला हवं होतं की त्या कोण वाचणार आहे. बाबांचं ते वाक्य मीही ऐकलेलं आहे. पोरांना मी काय तोंड दाखवू? त्यांनी बूट काढले.

आम्ही इथे वर्षानुवर्षं खालच्या लोकांना विनवत असतो की जरा दिवे मंद करा, झाकणं लावा, निदान एखादी रात्र. कुणी करत नाही. आमच्यासाठी कुणी कधी काळोख केला नव्हता. तुम्ही केलात, सगळ्या गावाने उभं राहून केलात, आणि नेमका त्या रात्री, ज्या रात्री मला उजेड हवा होता.

सोमवारी ऑर्विलच्या गाडीतून खाली येते. पेट्या तीन आहेत, उतरवायला ये. तुझ्याशी निदान आठवडाभर बोलणार नाही, हे आईला आधीच सांगून ठेव. साडेतीनच्या धारांना मात्र येईन, म्हणजे तेवढं एक पोर चारला मैदानात जायला मोकळं होईल.

ओलिंडा